लांब गोफण, आखूड गोफण

माझं माहेर धार आणि सासर देवास. दोन्हीकडे धंदा एकच, दोर वळायचा. आमची माणसं कधीकाळी मराठी फौजेच्या मागोमाग घाटावरून माळव्यात आली, घोड्यांची दावी, मोरक्या, कासरे वळून देत राहिली, आणि फौजा संपल्या तरी पागा राहिल्या म्हणून आम्हीही राहिलो. त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा आईनं मला स्वयंपाकाचं फारसं काही शिकवून पाठवलं नाही. तागाची पेंडी हातात दिली की पोरगी कुठेही उपाशी मरणार नाही, असं तिचं म्हणणं. वर माझी जीभ लांब आहे तेवढी जरा आवर, असं ती म्हणाली, आणि ते मी ऐकलं नाही.

सासरी येताना माझ्या बोचक्यात माझी स्वतःची गोफण होती. नव्या नवरीच्या बोचक्यातून गोफण निघालेली पाहून सासूबाई हसल्या होत्या. पण धारेला ज्वारी चिकात आली की दोरवाल्यांच्या घरातल्या बायकापोरी माळ्यावर चढत, आणि ज्याची गोफण त्यानंच वळायची असा आमच्याकडे नेमच होता. माळा म्हणजे शेतात चार बल्ल्या रोवून वर बसायला केलेली मचाण. तिथून गोफणीनं दगड भिरकावायचे आणि राघू, चिमण्या उडवायच्या. दुसर्‍याची गोफण कधी हाताला बसत नाही. मी माझी वळायला शिकले ती बाजारात लाकडं विकायला येणार्‍या भिलणींकडून. त्यांची गोफण पाहिली आणि घरातल्या सगळ्या गोफणी मला एकदम म्हातार्‍या वाटायला लागल्या.

त्यांच्याकडून शिकलेली माझी धारेची गोफण अशी. ताग, म्हणजे माळव्यात ज्याला सण म्हणतात तो, भिजवून, चेचून, बारीक पिळाचा. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, दोरी ताणून छातीपर्यंत आणायची, तिथे दुमडायची, हे तिचं माप. म्हणजे दुमडून हातात धरली तर जमिनीला टेकेल एवढी लांब. दगड ठेवायला मधोमध झोळी विणायची नाही, तिथे दोरीचे दोन पदर करून मध्ये नुसती फट ठेवायची. फटीत दगड असा घट्ट बसतो की डोक्याभोवती कितीही फिरवा, सुटणार नाही. आणि सोडला की असा जातो की डोळ्याला दिसत नाही. नदीतला गुळगुळीत गोटा असेल तर विचारूच नका.

देवासला आले आणि इथल्या गोफणी खुंटीवर पाहिल्या तेव्हा मला हसूच फुटलं. खांद्यापासून बोटापर्यंत लांब, बस. मध्ये बकरीच्या केसांची तळहाताएवढी विणलेली झोळी, इतकी खोलगट की तीत ताक पिता येईल. आणि सुट्या टोकाला घोड्याच्या शेपटीच्या केसांची बारीक शेंडी. ही गोफण दगडासाठी कमी आणि आवाजासाठी जास्त. रिकामीच फिरवायची आणि शेवटच्या हिसड्याला टोक सोडायचं, की शेंडी हवेत असा कडाका काढते की अख्खं रान जागं होतं. पाखरं त्या आवाजानंच उठतात. मी ह्यांना, म्हणजे माझ्या नवर्‍याला म्हटलं, तुमच्याकडे पाखरांना मारत नाहीत, नुसतं घाबरवतात वाटतं. ते म्हणाले, पाखरं उडाल्याशी कारण.

पण आखूडपणाला खरं कारण दुसरं होतं, आणि ते देवासलाच असू शकतं. गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन गाद्या, दोन वाडे, दोन पागा, दोन शिपाई, रस्त्याचा हा काठ एकाचा तर तो काठ दुसर्‍याचा. आम्ही थोरल्या पातीचे. आमच्या वावराचा पलीकडचा बांध ओलांडला की धाकट्या पातीची हद्द, आणि तिथे धाकट्या पातीच्या पागेला दोर देणार्‍या आमच्याच जातीच्या एका घराचं वावर. आपल्या माळ्यावरून सुटलेला दगड त्या बांधापलीकडे पडला, कुणाचा बैल जखमी झाला, मडकं फुटलं, की दोन शेतांचं भांडण दोन दरबारांचं लचांड व्हायचं. म्हणून सासर्‍यांच्या आजोबांनी कधीतरी घरातल्या सगळ्या गोफणी कापून एवढ्याएवढ्याशा केल्या, म्हणे. माझ्या सासर्‍यांनी, मामंजींनी, मला हे दोनदा नीट समजावून सांगितलं. मी डोक्यावरचा पदर सावरून हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, नेम धरता येत नाही त्यांनी हद्दीची भीती बाळगावी.

आता वन्संबद्दल सांगते. ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. लग्न होऊन गेली आणि वर्ष दीड वर्षात नवरा तापानं गेला, तेव्हा माहेरी परत आली. मी आले तेव्हा तिशीच्या आतच असतील. बोलणं कमी, काम उदंड. पहाटे अंगणात दोराला पीळ घालायला बसायच्या ते दिवस कलेपर्यंत. मला त्यांनी कधी टाकून बोलल्याचं आठवत नाही. माळव्यात सुनेला तिच्या गावावरून हाक मारतात, तशी त्या मला धारवाली म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते नाव मला गोड लागायचं. वर्षातून एकदाच त्यांचा चेहरा निराळा व्हायचा, असं घरातले म्हणत. ज्वारी चिकात आली की राखणीला त्याच जायच्या. उजाडता माळ्यावर आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच.

ही राखण कुणी करायची हे ठरवायची आमच्या सासरची एक रीत होती. खंडेनवमीला सगळेजण हत्यारं पुजतात, आम्ही दोर वळायची फिरकी, सुर्‍या, मोगर्‍या आणि त्यांच्या शेजारी घरातल्या सगळ्या गोफणी मांडायचो. हळदकुंकू, आरती, नारळ. आणि मग सगळं घर गोफणी घेऊन गावाबाहेरच्या माळावर जायचं. एकेकानं आपल्या गोफणीनं एकेक दगड मारायचा, ज्याचा सगळ्यात लांब जाईल त्याची त्या वर्षीची राखण. देवासमोर ठरलेलं म्हणून त्यात नंतर बदल नाही.

मी वैशाखात आले, पहिली खंडेनवमी आश्विनात. सकाळपासून माझ्या अंगात वारं शिरलं होतं. पुजेत मी माझी धारेची गोफण मांडली तेव्हा ती इतर गोफणींच्या ओळीत पाटावरून खाली लोंबत होती. वन्संनी ती उचलली, पीळ बोटांनी चाचपला, फट उघडून पाहिली आणि म्हणाल्या, काम चांगलं आहे. मला केवढी धन्यता वाटली.

माळावर आधी मामंजींनी मारला. एवढा दांडगा माणूस, पण दगड समोरच्या बाभळीच्याही अलीकडे पडला. मग ह्यांनी मारला, तो हातातून कसाबसा सुटल्यासारखा बाजूलाच गेला, आणि हे आपले हसले. सासूबाईंनी तर फिरवल्यासारखं केलं आणि दगड पायाशीच टाकला. वन्संचा बाभळीच्या पार गेला. सगळ्यांचे चेहरे खुलले. मला वाटलं, ह्यांच्या घराण्यात एकटीलाच हात आहे, आणि तोही असा. बरं, मीही एक मूर्ख, कुणी म्हणालं नाही की तू मार. मीच पुढे झाले. पदर खोचला, गोटा फटीत बसवला, डोक्याभोवती तीन वेढे दिले आणि सोडला.

तो दगड कुठे पडला ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. बाभूळ, नाला, नाल्यापलीकडचा उंचवटा, सगळं ओलांडून गेला तो. मी वळून बघितलं, शाबासकीसाठीच. ह्यांनी मान खाली घातली होती. मामंजींनी खूप वेळ त्या उंचवट्याकडे पाहिलं आणि मग, देवासमोर ठरलेलं ते ठरलेलं, या वर्षी राखण धारवालीची, एवढं म्हणाले. वन्संनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरी येताना त्या सगळ्यांच्या मागे चालत होत्या, हे मी पाहिलं आणि मला वाटलं, हरल्या म्हणून वाईट वाटलं असेल. वाईट वाटू दे, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू.

दसरा झाला आणि दुसर्‍या दिवशी मी माळ्यावर जायला निघाले, तर वन्सं दारात आल्या. त्यांच्या हातात त्यांची गोफण. म्हणाल्या, ही ने, आपल्या वावरात दगड नको, नुसती वाजवायची, समोरून वाजली की आपणही वाजवायची. तेवढंच. मला वाटलं, हरल्या आहेत तरी आपल्याच गोफणीचा टेंभा मिरवताहेत. हो म्हणून मी ती घेतली आणि त्यांची पाठ वळताच परत खुंटीला अडकवली. माझी खांद्यावर टाकून गेले.

आजही ते आठवलं की माझा मला संताप येतो. एवढी समोर धरलेली वस्तू. ती घेऊन गेले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

माळ्यावर चढलं की चहूकडे ज्वारीच ज्वारी, पुरुषभर उंच, आणि कणसं दुधानं फुगलेली. मध्येच बांधाची काळी रेघ आणि तिच्यापलीकडे धाकट्या पातीच्या वावरातला दुसरा माळा. त्याच्यावर एक माणूस. लांबून एवढंच कळे की पुरुष आहे आणि डोक्याला पागोटं आहे. सूर्य माझ्या पाठीशी, त्याच्या डोळ्यांवर, त्यामुळे मी त्याला दिसत असले तरी नुसतं लुगडं नेसलेली कोणी बाई एवढंच दिसत असणार. पहिल्याच सकाळी त्यानं गोफण वाजवली. एकदा. थांबला. मग लागोपाठ दोनदा. मी काहीच केलं नाही, माझ्या गोफणीला शेंडी कुठे होती. मी दगड मारून माझे राघू उडवले.

दुसर्‍या दिवशी तेच. एक कडाका, मग थोडं थांबून दोन. तिसर्‍या दिवशी जास्तच. मी जितकी गप्प, तितका तो वाजवतोय. मला तो चिडवतोय असंच वाटायला लागलं. गावात माझ्या त्या लांब दगडाची बातमी फिरली होती, धाकट्या पातीतही गेली असणार. म्हणजे हा मला म्हणतोय, तुझ्या लांब गोफणीतून आवाज काढून दाखव. मी अशी तापट की दुपारी जेवणही गोड लागेना. आता वाटतं, बिचार्‍याला वाटत असेल की समोरची रुसली. रुसली म्हणून तो वाजवत होता, आणि वाजवतो म्हणून मी पेटत होते.

एका सकाळी माझा तोल सुटला. त्याच्या माळ्याच्या कोपर्‍याला पाण्याचं मडकं टांगलेलं दिसत होतं. ते फोडायचं, म्हणजे कळेल धारेचा हात काय असतो ते. हद्द, दरबार, मामंजींनी समजावलेलं, सगळं विसरले असं म्हणणार नाही. आठवत होतं, आणि तरी मारला. त्याच क्षणी त्यानं वाजवण्यासाठी हात वर केला. मडकं तसंच लटकत राहिलं. तो माणूस खाली बसला आणि मग त्याचं ओरडणं आलं.

मी माळ्यावर उभी राहिले ती तशीच. आजूबाजूच्या वावरांतून माणसं हाका मारायला लागली. कुणीतरी आमच्या घराकडे धावलं असणार, कारण थोड्याच वेळात ज्वारीतून कुणीतरी येताना ताटं हलत गेली, आणि वन्सं बाहेर पडल्या. अनवाणी, हातांना तागाचा भुसा, डोक्यावरचा पदर खांद्यावर. मला वाटलं, माझ्याकडे येताहेत. मी खाली उतरू लागले. त्या माझ्या माळ्याखालून गेल्या, माझ्याकडे वर बघितलंही नाही, सरळ बांधापर्यंत गेल्या आणि बांध ओलांडून पलीकडे गेल्या.

तो बांध आमच्या घरातलं कुणी कधी ओलांडत नसे. मागाहून मामंजी आणि हे पोहोचले, पलीकडून त्या माणसाचे भाऊ, त्याची आई. आणि सगळ्यांच्या देखत वन्सं त्याचं उजवं मनगट आपल्या मांडीवर घेऊन पदर फाडून बांधत होत्या. दोघंही एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला सगळं कळलं. खरं तर मला सोडून बाकीच्यांना ते आधीच ठाऊक होतं.

भांडण दरबारापर्यंत गेलं नाही. दोन्हीकडचे वडीलधारे बांधावर बसले, मामंजींनी नारळ दिला, चुकी आमची असं म्हणाले, पलीकडच्या थोरल्या भावानं मामंजींना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, राहू द्या, बाईमाणसाचा हात, असं सांगून तो घेतला. पानसुपारी झाली. फक्त त्याची आई नारळाकडे न बघता उठून गेली. वन्संबद्दल दोन्हीकडून कुणी एक शब्द काढला नाही. तेच सगळ्यात वाईट होतं, हे मला नंतर उमगलं.

रात्रीच्या भाकर्‍या थापताना सासूबाईंनी मला सांगितलं. माणूस विधुर, धाकट्या पातीच्या पागेत नोकरीला. दोन हंगाम झाले, वन्सं इकडच्या माळ्यावर आणि तो तिकडच्या, गोफणी वाजवून एकमेकांची चौकशी चालायची. एक कडाका म्हणजे आलीस का. दोन म्हणजे बरी आहेस ना. याच्याहून जास्त काही नाही, कधी बांधापाशी येऊनसुद्धा बोलले नाहीत. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात काही वावगं नाही, फक्त दोन पातींच्या दोन घरांनी आधी एकमेकांना पारखायचं होतं. त्याच्या एका मावशीमार्फत बोलणं जवळजवळ जमलं होतं. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडायची होती. म्हणून ती माळ्यावर राहायला हवी होती, म्हणून माळावर सगळे आपापले दगड पायाशी टाकत होते.

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही. माझ्या आवाजात रडू होतं आणि रागही.

"सांगायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "घरातली सगळी माणसं चार पावलांवर दगड टाकतात, ते बघून तुला कळायला नको? आम्ही काय हातानं अधू होतो?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्यासमोर चारचौघांनी हरून दाखवलं, आणि मी त्यांना दुबळे समजले. रात्री ह्यांच्यावर वैतागले, तर म्हणाले, तू कधी विचारलंस? तेही बरोबर होतं. मी आल्यापासून सांगतच होते, विचारलं काहीच नव्हतं.

पाट मोडला. मनगट वाकडंच बसलं, त्या हातानं घोड्याला खरारा होईना, पागेतली नोकरी गेली. त्याच्या आईनं मावशीकडून निरोप पाठवला की त्या घरच्या एका सुनेनं माझ्या पोराचा हात घेतला, आता त्याच घरची पोर मी पदरात घेणार नाही. आणि आमच्याकडे वन्संना वावरात जायला बंदी झाली. चारचौघांत बांध ओलांडलेल्या बाईला आता पुन्हा तिथे कसं पाठवायचं, असा मामंजींचा प्रश्न. म्हणजे राखण माझीच राहिली.

मला कुणी शिक्षा केली नाही. उलट गावात माझ्या हाताची तारीफ व्हायला लागली. पागेतले बारगीर मामंजींना हसून विचारत, काय भिया, सुनेला तोफखान्यात घालताय का. मामंजी आधी गप्प बसायचे, मग हळूहळू हसायला लागले. पाव्हणे आले की माझी गोफण त्यांना दाखवायचे, लांबी बघा म्हणायचे. मी आत चुलीपाशी ऐकत असे आणि मला वाटे, कुणीतरी माझ्या थोबाडीत द्यावी. वन्सं त्या पाव्हण्यांना पाणी नेऊन द्यायच्या. मी त्यांची क्षमा मागितली, पाय धरले. त्या म्हणाल्या, अगं तू मुद्दाम थोडंच केलंस, आणि माझ्या हातातला अर्धा दोर घेऊन पीळ घालायला लागल्या. मुद्दाम केलं होतं. मडक्यावर केलं होतं, पण मुद्दाम केलं होतं. ते त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

ज्वारी पिकत आली होती. एका सकाळी मी माळ्यावर होते, आणि वावराच्या कडेनं जाणार्‍या गाडीवाटेवर एक बैलगाडी थांबली. गाडीत ट्रंक, वळकटी आणि तो. धामणोदला त्याची बहीण दिलेली होती, मुंबईच्या सडकेवर तिच्या नवर्‍याचं गाड्यांच्या मुक्कामाचं ठिकाण होतं, तिथे तो कायमचा निघाला होता, हे मागाहून कळलं. गाडीतच उभा राहून त्यानं गोफण वाजवली. आवाज अगदी फुसका, ओल्या लाकडासारखा. थोडं थांबून त्यानं पुन्हा दोनदा वाजवली. दुसर्‍यांदा तर शेंडी वाजलीच नाही.

मला सगळं कळलं आणि मी काय करावं ते कळेना. नव्या सुनेनं परक्या पुरुषाला हाक कशी मारायची? मी गोफण उचलून जिवाच्या करारानं फिरवली, झटका दिला, पुन्हा फिरवली. माझी गोफण नुसती सूं सूं करत राहिली. लांब, बारीक, बिनशेंडीची. दगड फेकण्याखेरीज तिला काहीच येत नव्हतं. वाजणारी गोफण घरी खुंटीवर होती. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग खाली बसला. गाडी चालू लागली.

मी माळ्यावरून उडीच टाकली आणि घरी पळत आले. वन्सं अंगणात पीळ घालत बसलेल्या, शेजारी सासूबाई. सासूबाईंसमोर तोंड उघडेना. त्या आत गेल्या तेव्हा मी कसंबसं सांगितलं, गाडी गेली, त्यानं वाजवली, मला वाजवता आली नाही.

"कशी वाजली?" वन्संनी विचारलं.

मी म्हटलं, हळू. नीट नाही वाजली.

"डावा हात," त्या म्हणाल्या. आणि पीळ सुटला होता तो पुन्हा धरून घालायला लागल्या.

पुढच्या खंडेनवमीला मला सातवा महिना होता, माळ्यावर चढणं शक्य नव्हतं. गोफणी पुजल्या, पण माळावर कुणी गेलं नाही. मामंजी दुसरीकडे बघत म्हणाले, या वर्षी राखण थोरलीनं केली तरी चालेल, पलीकडे आता त्यांचा गडी असतो, म्हातारा आहे, बहिरा आहे. वन्सं बरं म्हणाल्या.

दुपारी त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. मला म्हणाल्या, धारवाली, मला तुझ्यासारखी गोफण करून दे. मी म्हटलं, वन्सं, तुमची आहे की चांगली, ती वाजते, तिनं पाखरं उठतात. दगडाचं काय करायचंय आपल्याला, हद्द आहे. म्हणता म्हणता माझंच मला कळलं की मी मामंजींचे शब्द बोलतेय.

"आता तिकडे कोण आहे?" त्या म्हणाल्या. "पडू दे कुठे पडायचा तिथे."

मी ताग भिजवला, चेचला, पीळ घातला. इतका बारीक पीळ मी पुन्हा कधी घातला नाही. माप घ्यायला त्यांना उभं केलं. त्यांनी दोरीचं टोक अंगठ्याखाली दाबलं, मी दुसरं ताणून त्यांच्या छातीपर्यंत नेलं. त्या माझ्याकडे न बघता सरळ समोर बघत होत्या, आणि मी माप दोनदा घेतलं. फट पाडून झाली तेव्हा मी त्यांची जुनी गोफण खुंटीवरून काढली. म्हटलं, हिची शेंडी सोडवून नवीला लावते, दोन्ही कामं होतील. त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली. शेंडी लावायची नाही, त्या म्हणाल्या, आणि जुनी गोफण चुलीत घातली. बकरीचे केस आणि घोड्याचे केस जळाल्याचा घाण वास घरभर पसरला. सासूबाईंनी आतून काय जळतंय विचारलं. मी दार उघडून धूर बाहेर सोडला.

दसर्‍याच्या दुसर्‍या दिवशी वन्सं माळ्यावर गेल्या आणि मी दारात उभी राहून वावराकडे कान लावून होते. त्या वर्षी आणि नंतरही कित्येक वर्षं वन्संनी राखण केली, आणि त्यांचा हात माझ्याहून जबर निघाला. बांधापलीकडे दगड पडायचे, मामंजी एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्या पहिल्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत कान देऊन उभी होते, आणि आमच्या वावरातून कसलाही आवाज आला नाही.